काळ्या दगडापासून आरंभ: लहान मुलांना खडक कसे शिकवावेत

खडकांचा स्वतंत्र पाठ आपल्या मुलांना सहावीच्या भूगोलात भेटतो. परंतु दगड त्यांच्या खिशात त्यापूर्वी चार-पाच वर्षे येऊन राहिलेला असतो, आणि धुण्यापूर्वी चड्डीचा खिसा रिकामा करणाऱ्या प्रत्येक आईला हे ठाऊक आहे. या चार-पाच वर्षांत त्या दगडाविषयी मुलाशी काय बोलावे, हा प्रश्न ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील पालक व प्राथमिक शिक्षक वारंवार विचारीत असतात. त्यांची अडचण बहुधा एकाच स्वरूपाची असते. अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार पुस्तकात आहेत. येथे मात्र पारसिकपासून मलंगगडापर्यंत जिकडे पाहावे तिकडे एकच काळा दगड. मग उरलेले दोन आणावेत कोठून, आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणारे ते चक्र सात-आठ वर्षांच्या मुलाला दाखवावे कसे? या पृच्छेचा खुलासा पुढे क्रमाने केला आहे. माझे मत प्रारंभीच सांगतो: चक्राची बाणांची आकृती सर्वांत शेवटी काढावी, आणि आपल्याकडे एकच जात मुबलक आहे ही उणीव न मानता तेथूनच आरंभ करावा.

वयाप्रमाणे किती शिकवावे

- पहिली-दुसरी: केवळ वर्गवारी. जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत, दाणेदार-एकजिनसी, छिद्रांचा-भरीव. प्रकारांची नावे सांगण्याची मुळीच घाई नको. मुलाने स्वतः केलेली वर्गवारी चुकीची वाटली तरी ती मोडू नये, फक्त ‘हे दोन एकत्र का ठेवलेस?’ असे विचारावे.
- तिसरी-चौथी: तीन कुळांची नावे आणि प्रत्येकाची जन्मकथा. तापून वितळलेला रस थिजून झाला तो अग्निज; साचलेला गाळ दाबला व सांधला जाऊन झाला तो गाळाचा; आणि जुनाच खडक उष्णतेने व दाबाने, परंतु न वितळता, पालटला तो रूपांतरित.
- पाचवी: चक्र.

याहून अधिक शिकवू नये असा माझा आग्रह आहे. खनिजांची रासायनिक सूत्रे किंवा भूपट्टांची हालचाल या वयात केवळ पाठांतराचा भार वाढवितात.

आपल्या हद्दीत काय मिळते

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली जो काळा कातळ आहे त्याला बेसाल्ट म्हणतात, आणि ठाणे-कल्याणचा परिसर सर्वस्वी त्याच्याच पोटात वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे अनेक लोट एकावर एक साचत गेले. मुलांना हा दगड निराळा शोधून दाखविण्याची गरज नाही. फलाटावर उभे राहून रुळांखालची खडी दाखवावी. १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास आलेली आपली रेल्वे आज याच दगडाच्या तुकड्यांवर तोललेली आहे, आणि १९१६ साली खुला झालेला पारसिकचा बोगदाही याच कातळातून आरपार काढलेला आहे. आजीचा पाटा-वरवंटा अजून घरात असेल तर तो उचलून पाहू द्यावा. अंबरनाथचे शिवमंदिर, जे तेथील शिलालेखाप्रमाणे शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहारांच्या राजवटीत उभे राहिले, तेही याच काळ्या पाषाणाचे आहे. नऊशेहून अधिक पावसाळे सोसून त्यावरील मूर्तींच्या कडा कशा बोथट झाल्या आहेत हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे ‘झीज’ हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नाही.

कोट्यवधी वर्षांचा अर्थ लहान मुलाला आकड्याने कळत नाही. त्यासाठी एक सुतळी घ्यावी. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख वर्षे असे प्रमाण धरले, तर या कातळाच्या वयासाठी ६.६ मीटर सुतळी लागते, आणि ती चाळीच्या किंवा इमारतीच्या व्हरांड्यात सहज ताणता येते. त्याच सुतळीवर अंबरनाथच्या मंदिराचे सारे आयुष्य दाखवावयाचे झाल्यास एका केसाच्या जाडीएवढीच जागा पुरते. मुले हा केस पाहण्यासाठी अक्षरशः ओणवी होतात.

ताज्या फुटलेल्या दगडात पुष्कळदा बारीक छिद्रे असतात. लाव्हा थिजत असता त्यातील वायू बाहेर पडू पाहात होता, त्याचे हे बुडबुडे. घावनाला किंवा आंबोळीला जाळी पडते तशी ही जाळी. कालांतराने त्यांतील काही पोकळ्यांत पाझरत्या पाण्यातून पांढरी, गुलाबी किंवा हिरवट खनिजे साचली, आणि स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट अशी त्यांची सुंदर स्फटिके जगभरच्या संग्राहकांकडे महाराष्ट्रातूनच जातात. कधी सहकुटुंब नाशिककडे जाणे झाले, तर सिन्नरचे ‘गारगोटी’ हे खनिज-संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावे. वाटेत कसाऱ्याचा घाट लागतो, त्याचा उपयोग कोणता ते पुढे सांगतो.

उरलेल्या दोन जाती घरातच आहेत

ज्यांना वाटते की गाळाचा किंवा रूपांतरित खडक पाहण्यास चंद्रपूर अथवा सिंधुदुर्ग गाठावे लागेल, त्यांनी प्रथम स्वयंपाकघरात पाहावे. फरशी व संगमरवर विकणाऱ्या कोणत्याही दुकानात कापून उरलेले तुकडे एका कोपऱ्यात पडलेले असतात, आणि मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून मागितले असता दुकानदार ते बहुधा आनंदाने देतात. पुढील संच पुरेसा आहे:

- बेसाल्टची खडी: अग्निज, दाणे नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत, कारण रस भूपृष्ठावर लवकर थिजला.
- ठिपकेदार गुलाबी किंवा राखी ग्रॅनाइट: अग्निज, भूगर्भात खोलवर अतिशय सावकाश थिजल्यामुळे दाणे मोठे.
- कोटा आणि शहाबादी फरशी: दोन्ही चुनखडक, म्हणजे गाळाचे, एक राजस्थानची, दुसरी कर्नाटकातील. आंध्रातील कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी ओट्याची काळी फरशीही याच कुळातील.
- पांढरा संगमरवर: रूपांतरित, मूळचा चुनखडक.
- जुनी दगडी पाटी: रूपांतरित, मूळचा चिखलाचा खडक. आज पाट्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. परंतु एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत खरी पाटी सापडते, आणि ती सापडली तर या संचातील ते रत्नच समजावे.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा शास्त्रीय अर्थाने ग्रॅनाइट नसते. अग्निजच असते, पण मोठ्या दाण्यांचा धडा देण्यास ते निरुपयोगी, म्हणून ठिपकेदार तुकडाच मागावा. दुसरे असे की, व्हिट्रिफाइड लादी, कृत्रिम संगमरवर, वीट आणि सिमेंट-काँक्रीट ही माणसाने घडविलेली आहेत. ती संचात मिसळू नयेत. त्यांचे एक निराळे खोके करावे, आणि ‘यांतला कच्चा माल कोणत्या खडकातून आला असेल?’ असा प्रश्न मोठ्या मुलांना घालावा.

घरच्या घरी तीन परीक्षा

1. भिंगाची. दाणे दिसतात काय, आणि सर्व एका रंगाचे आहेत काय? ग्रॅनाइट आणि बेसाल्ट शेजारी ठेवून पाहिल्यावर मूल स्वतःच विचारते की एकाचे दाणे मोठे का. त्या वेळी खडीसाखर आणि बारीक साखर यांची तुलना करता येईल: सावकाश वाढलेला स्फटिक मोठा होतो. अर्थात खडीसाखर पाण्यातल्या पाकातून तयार होते व ग्रॅनाइट वितळलेल्या रसातून. साम्य आहे ते सावकाशीचे, एवढे एका वाक्यात सांगून ठेवावे.
2. खिळ्याची. लोखंडी खिळ्याने संगमरवरावर ओरखडा उमटतो, ग्रॅनाइटच्या दाण्यांवर सहसा उमटत नाही. खिळा मोठ्या माणसाने धरावा.
3. लिंबाची. चुनखडकावर किंवा संगमरवरावर आम्ल पडले की बारीक बुडबुडे येतात; बेसाल्टवर व ग्रॅनाइटवर येत नाहीत. मात्र गुळगुळीत घोटलेल्या पृष्ठावर लिंबाचा रस टाकून बसल्यास निराशा पदरी येते. कडेला खिळ्याने खरवडून थोडी भुकटी काढावी आणि तिच्यावर लिंबूसत्त्वाचे दाट पाणी थेंबाथेंबाने टाकून भिंगातून पाहावे. ही परीक्षा मुलांपुढे करण्यापूर्वी आपण एकदा करून पाहावी, कारण सर्व संगमरवर सारखे फसफसत नाहीत. बेसाल्टच्या एखाद्या पांढऱ्या ठिपक्यावर बुडबुडे आले तर गोंधळू नये. तेथे पोकळीत चुन्याचे खनिज भरले आहे, दगड बेसाल्टच आहे. घरच्या ओट्यावर किंवा देवघरात ही परीक्षा कदापि करू नये, झिलईवर कायमचा डाग पडतो.

सर्वांत मोठा चकवा: थरांचे डोंगर

या भागातील मुलांची, आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकांचीही, सर्वांत अधिक फसगत जेथे होते त्या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. आपण वर्गात सांगतो की गाळाचे खडक थराथरांचे असतात, आणि फळ्यावर आडव्या रेघा काढून दाखवितो. नंतर मूल कर्जतच्या गाडीत खिडकीशी बसते, माथेरानचा डोंगर पाहते, आणि त्याला कड्याखाली उतार, उताराखाली पुन्हा कडा अशा स्वच्छ आडव्या पायऱ्या दिसतात. त्यावरून ते जर म्हणाले की हा डोंगर गाळाचा आहे, तर चूक त्याची नसून आपल्या अपुऱ्या व्याख्येची आहे. हे थर लाव्ह्याचे आहेत. एक लोट आला, थिजला. दीर्घ काळ लोटला. त्यावर दुसरा आला. कठीण भागाचे कडे राहिले, ठिसूळ भागाचे उतार झाले. या पायऱ्यांवरूनच भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ असे नाव दिले, आणि त्याचे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे.

म्हणून ‘थर म्हणजे गाळ’ असे समीकरण मुलांच्या वहीत कधीही उतरू देऊ नये. त्याऐवजी असे विचारावे: थर कशाचा आहे? हातात घेतल्यावर त्यात वाळूचे, चिखलाचे, शिंपल्याचे कण दिसतात, की एकजीव थिजलेला दगड दिसतो? कसाऱ्याच्या घाटात डोळे उघडे ठेवून गेल्यास दोन काळ्या लोटांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पहिला लोट थिजल्यानंतर वरचा लाव्हा येईपर्यंत त्याच्या पृष्ठाची झीज होऊन माती झाली होती, आणि नव्या लोटाच्या उष्णतेने ती भाजून निघाली, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. वितळणे, थिजणे, झिजणे, पुन्हा तापणे: चक्राचे इतके अंश एका दृष्टिक्षेपात दाखविणारी जागा कोणत्याही तक्त्यावर नाही.

याच्याच पोटी दुसरा गैरसमज जन्मतो. एका तिसरीतल्या मुलीने मला विचारले होते की मलंगगड हा विझलेला ज्वालामुखी आहे काय. चित्रातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, आणि आपले सुळकेही टोकदार. तेव्हा तिची शंका अगदी रास्त होती. उत्तर असे द्यावे: येथे लाव्हा शिखरातून उसळला नाही, भेगांतून पसरला, त्याने डोंगर नव्हे, पठार घडविले, आणि पुढे पावसाने व नद्यांनी भोवतालचा भाग वाहून नेला तेव्हा उरलेला तुकडा उंच दिसू लागला. डोंगर वर आला नाही, आजूबाजूचे खाली गेले. पाटावर ओल्या वाळूचा सपाट थर देऊन वरून झारीने पाणी सोडल्यास हे पाच मिनिटांत दिसते, आणि मुलांना या प्रयोगाचा कंटाळा कधीच येत नाही.

चक्र कसे दाखवावे

पाण्याचे चक्र आधी शिकवलेले असल्यामुळे मुले धरून चालतात की खडकही ठराविक क्रमाने, एकाच दिशेने, नियमित फेरी मारतो. तसे नाही. अग्निज खडक गाळ होईल किंवा थेट रूपांतरित होईल. रूपांतरित खडक पुन्हा झिजेल किंवा वितळेल. आणि बहुतेक खडक बहुतेक काळ जेथे आहेत तेथेच राहतील. हे ध्यानी आणून देण्यास पुढील तीन उपाय उपयोगी पडतात.

*बरणी.* पारदर्शक बरणीत खडे, वाळू व माती टाकून पाणी भरावे, हलवून ठेवावे. खडे तत्काळ बसतात, मग वाळू. चिकणमाती बसण्यास रात्र लागते. दुसऱ्या दिवशी कुंडीतील लाल माती हलकेच सोडली की निराळा थर दिसतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर बदलापूर-कल्याणच्या घरांतून जो चिखल उपसावा लागला तो अशाच रीतीने साचलेला होता, ही आठवण घरातील मोठ्यांनी मुलांना येथे सांगावी. दुर्गाडीखालच्या खाडीत उल्हास नदी आजही तेच काम करीत आहे. परंतु तो गाळ आहे, अद्याप खडक नव्हे. खडक होण्यास दाब आणि सांधा हवा. कागदी पेल्यात वाळू घेऊन, पातळ केलेला फेविकॉल ओतून, दाबून चार-पाच दिवस सुकविल्यास सांधा म्हणजे काय ते कळते.

*मेणाचे रंग.* तीन रंगांचे मेणखडू किसावेत, हा गाळ. कीस कागदात गुंडाळून जाड पुस्तकाखाली दाबावा, हा गाळाचा खडक. तोच गोळा कोमट पाण्यात धरून मऊ करून जोराने दाबावा. रंगांचे वळणदार पट्टे उमटतात, हा रूपांतरित. शेवटी ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या द्रोणात ठेवून कढत पाण्यावर तरंगवावा. वितळून पुन्हा थिजतो, तो अग्निज. कढत पाण्याचे काम मुलांकडे अजिबात देऊ नये. तिसऱ्या पायरीस मेण वितळू न देणे महत्त्वाचे. रूपांतर आणि वितळणे यांतील भेद येथेच ठसतो.

*फाशाचा खेळ.* गच्चीवर खडूने पाच घरे आखावीत: शिलारस, अग्निज, गाळ, गाळाचा खडक, रूपांतरित. मूल स्वतः दगड होऊन एका घरात उभे राहते आणि फासा टाकते. एक, दोन किंवा तीन पडल्यास कोणत्याही घरात थांबणे. चार, पाच, सहा पडल्यास असे:

- शिलारसातून अग्निजात.
- अग्निजातून चार-पाचला गाळात, सहाला रूपांतरितात.
- गाळातून गाळाच्या खडकात.
- गाळाच्या खडकातून चारला पुन्हा गाळात, पाच-सहाला रूपांतरितात.
- रूपांतरितातून चारला गाळात, पाचला शिलारसात, सहाला तेथेच.

दहा डाव झाल्यावर प्रत्येकाने आपला प्रवास वहीत लिहावा. दोन मुलांचे प्रवास सहसा जुळत नाहीत, आणि एखादे बिचारे अग्निजातच अडकून पडते. त्याला सांगावे की आपल्या डोंगरांची बरीचशी हकीकत तीच आहे. बाणांची आकृती यानंतर काढावी, आणि ती मुलांनीच काढावी.

कोठून दगड उचलू नये

- येऊर व राष्ट्रीय उद्यान: येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनातील माती व दगड हीदेखील १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे वनोपज आहेत. पाहावे, रेखाटावे, तेथेच ठेवावे.
- अंबरनाथचे मंदिर, कान्हेरीची लेणी: संरक्षित स्मारके. येथे खिळ्याची वा लिंबाची परीक्षा करण्यास सक्त मनाई समजावी.
- रेल्वेमार्ग: खडी फलाटावरून दाखवावी. रुळांत उतरणे प्राणघातक आहे आणि गुन्हाही आहे.
- दगडखाणी: चालू खाणीत सुरुंग, बंद खाणीत पावसाळ्याचे खोल पाणी. मुलांना नेऊ नये.

खडीचे चार तुकडे बांधकामाच्या ठिकाणी मुकादमाच्या परवानगीने मिळतात. दगड फोडणे झालेच तर मोठ्या माणसाने, जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून फोडावा.

शाळेत केवळ व्याख्याच पाठ करवून घेतल्या जात असतील तर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम ठरविताना कृती, शोध व अन्वेषण यांच्याद्वारे शिक्षण, आणि शक्यतोवर मातृभाषेचे माध्यम, या बाबी विचारात घेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी आहे, तेव्हा व्याख्या येत नाही म्हणून मुलाला अपमानित करणे गैर ठरते. महापालिकेच्या व अनुदानित शाळांत कलम २१ खाली शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्या सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. आपली सूचना तिच्यापुढे लेखी मांडावी. ती मांडताना तक्रारीचा सूर न ठेवता नमुन्यांचा एक तयार संच सोबत न्यावा, असा माझा सल्ला आहे. साठ मुलांच्या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला अर्जापेक्षा दगडांचे खोके अधिक उपयोगी पडते.

नमुन्यांची नोंद

प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालावा. वहीत त्या क्रमांकापुढे कोठे मिळाला, कोणत्या तारखेस, कोणी दिला आणि मुलाला तो कसा वाटला, इतके मुलाच्याच शब्दांत लिहावे. प्रकाराचा रकाना रिकामा सोडावा आणि परीक्षा करून झाल्यावर पेन्सिलीने भरावा, म्हणजे मत बदलल्यास खोडता येते. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे ठेवण्यास उत्तम. ज्या दगडाचे कूळ ठरत नाही त्याला ट्रेमध्ये मधली जागा द्यावी.